किंमत कोणी मोजायची?

गेल्या दिवाळीत माझी नात पुण्याहून आली ती एक नवी भाषा घेऊन. फराळाच्या ताटाशी बसून ती मोबाईलकडे पाहत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटले, जर्मन किंवा फ्रेंच असेल. हल्लीची मुले नोकरीसाठी त्या भाषा शिकतात. ती म्हणाली, "नाही आजोबा, एस्पेरांतो." हे नाव आमच्या पिढीला अगदीच परके नाही. शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'जागतिक कृत्रिम भाषा : एस्पेरांतो, जनक : डॉ. झामेनहॉफ' अशी एक ओळ आम्ही पाठ केली होती आणि परीक्षा आटोपल्यावर विसरूनही गेलो होतो. ती भाषा अजून हयात आहे आणि माझ्याच ओसरीवर बसून कोणी ती शिकत आहे, याची मला मोठी गंमत वाटली.

"ही कोणत्या देशात बोलतात?" मी विचारले.

"कुठल्याच नाही," ती हसून म्हणाली, "म्हणूनच तर शिकतेय."

मग फराळ बाजूला राहिला आणि आमची शिकवणी सुरू झाली. नाम असेल तर शेवटी 'ओ', विशेषण असेल तर 'आ', क्रियाविशेषण असेल तर 'ए'. अपवाद जवळजवळ नाहीत. चांगले म्हणजे 'बोना'. त्याच्या आधी 'माल' लावले की 'मालबोना', म्हणजे वाईट. आपल्याकडे विद्यालय, ग्रंथालय, रुग्णालय असे 'आलय' लावून शब्द होतात, तसा त्यांच्यात 'एय' हा प्रत्यय आहे. रुग्णालयाला म्हणायचे 'मालसानुलेयो' : निरोगी नसलेल्या माणसाचे ठिकाण. आयुष्यभर संस्कृतची संधी-समासांची कोडी सोडवलेल्या माझ्यासारख्याला हा खेळ आवडला नसता तरच नवल.

शेवटी तिने एक शब्द सांगितला आणि तो मात्र खेळापुरता राहिला नाही. एस्पेरांतो बोलणारे लोक एकमेकांना काय म्हणतात? 'समिदेआनो'. सम म्हणजे सारखा. हा 'सम' आपल्या संस्कृत 'सम'चा दूरचा भाऊच. इदे म्हणजे विचार, कल्पना. आन म्हणजे एखाद्या समूहाचा घटक. सारख्या विचाराचा सोबती. परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला पत्र लिहितानाही मायन्यात हा शब्द लिहायचा. मला तो फार गोड वाटला. पुढे वर्षभर मी या भाषेचा इतिहास मिळेल तेथून वाचला, आणि त्या वाचनात हाच शब्द मला पुन्हा पुन्हा अडवू लागला. का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

लुडविक झामेनहॉफ यांचा जन्म १८५९ सालचा, ब्यालिस्टॉक या गावचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे; तेव्हा रशियन साम्राज्यात होते. त्या गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू अशा चार जातींचे लोक राहत, चार भाषा बोलत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत. ज्यू कुटुंबातल्या या मुलाच्या मनाने घेतले की, माणसांतल्या वैराचे एक मूळ भाषेत आहे. कोणाच्याच मालकीची नसलेली अशी एक भाषा असेल, तर तिच्या अंगणात सगळ्यांना बरोबरीने उभे राहता येईल. पुढे ते डोळ्यांचे डॉक्टर झाले आणि वॉर्सातल्या गरीब वस्तीत त्यांनी दवाखाना थाटला. १८८७ साली, सासऱ्यांच्या पैशाच्या मदतीने, त्यांनी आपल्या भाषेचे पहिले छोटे पुस्तक छापले. त्यावर स्वतःचे नाव घातले नाही. 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर, असे टोपणनाव घातले. तेच पुढे भाषेचे नाव झाले. आणि त्याच पुस्तकात त्यांनी सांगून टाकले की, या भाषेवर आपला काही हक्क नाही, ती सर्वांची आहे.

ही भाषा शिकणाऱ्यांचे देशोदेशी संघ निघाले. जर्मनीतला राष्ट्रीय संघ १९०६ सालचा. मोठा उद्योगी संघ होता. वर्ग चालवावेत, मासिके काढावीत, परीक्षा घ्याव्यात, नगरपालिकांकडे आणि शाळांकडे अर्ज करावेत, अधिवेशने भरवावीत. आपल्याकडच्या कोणत्याही साहित्य मंडळाने ओळखावे असेच ते सारे काम. १९०८ साली ड्रेस्डेनला जागतिक अधिवेशन झाले, त्याला स्वतः झामेनहॉफ आले होते. १९२३ साली न्यूरेंबर्गला तर जवळजवळ ५००० लोक जमले. पहिल्या महायुद्धात एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या देशांतले लोक पाच वर्षांनी एकाच मंडपात बसून एका भाषेत बोलले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्यानंतर दहा वर्षांनी, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. या भाषेविषयी त्याचे मत गुप्त नव्हते. ज्यूंनी जगावर राज्य करण्यासाठी वापरावयाचे ते एक साधन आहे, अशा अर्थाचे त्याने आपल्या आत्मचरित्रात आधीच लिहून ठेवले होते. कामगारांचा जो वेगळा एस्पेरांतो संघ होता, त्याच्यावर त्याच वर्षी बंदी आली. राहिला हा राष्ट्रीय संघ. आपण राजकारणात नाही, आपण तटस्थ आहो, आपण केवळ भाषेचे प्रेमी आहो, असे तो नेहमी म्हणत आला होता. आता काय करावयाचे?

संघाने जुळवून घेण्याचे ठरवले. आपली घटना आणि कारभार नव्या राजवटीच्या साच्यात बसवून घेतला. एस्पेरांतोतून नव्या जर्मनीची बाजू जगाला सांगता येईल, म्हणजे ही भाषा राष्ट्राच्या कामाची आहे, असे सरकारला पटवण्याचा प्रयत्न केला. त्याच १९३३ च्या उन्हाळ्यात कलोन शहरी जागतिक अधिवेशनही भरले. पण राजवटीची भूक एवढ्याने भागणारी नव्हती. मे १९३५ मध्ये शिक्षणमंत्र्याच्या हुकमाने शाळांतून एस्पेरांतो शिकवणे बंद झाले. आणि मग ते घडले, जेथे माझे वाचन अडले : संघाने ज्यू सभासदांना आपल्यात जागा ठेवली नाही. एका ज्यू डॉक्टराने, ज्यू-जर्मन-रशियन-पोलिश या सगळ्यांनी एका अंगणात उभे राहावे म्हणून केलेली भाषा. आणि त्या भाषेच्या संघात ज्यूला मज्जाव. झामेनहॉफ स्वतः १९१७ साली वारले होते. ते हयात असते, तर आपल्याच भाषेच्या या संघाचे सभासद होण्यास अपात्र ठरले असते.

एवढे करून संघ वाचला का? नाही. जून १९३६ मध्ये हिमलरचा हुकूम निघाला आणि त्या उन्हाळ्यात संघ बंद झाला. सर्वस्व देऊन विकत घेतलेले आयुष्य तीन-साडेतीन वर्षांचे निघाले.

उलरिख लिन्स या जर्मन इतिहासकाराने या चळवळीच्या छळाचा जो इतिहास लिहिला आहे, त्याचे नावच मुळी 'धोकादायक भाषा' असे आहे. त्यातून आणखी एक गोष्ट कळते. हा प्रकार एकाच रंगाच्या राजवटीचा नव्हे. सोव्हिएत रशियातही १९२१ साली एक संघ निघाला होता. त्याचे प्रमुख ड्रेझेन हे राजवटीशी अत्यंत निष्ठावंत होते. राजवटीचे धोरण बदलेल तसे संघाला वळवीत होते. १९३७ साली त्यांनाही पकडले आणि गोळी घातली. त्यांच्याबरोबर कित्येक सभासद छळछावण्यांत गेले. वाघाला आपले बोट देऊन हात वाचवता येत नाही, हे दोन्हीकडे सारखेच खरे ठरले.

आता यावर निकाल देणे फार सोपे आहे. 'भेकड लोक!' असे म्हणावे आणि दुसरी करंजी उचलावी. पण मला तसे म्हणवत नाही. ते संघाचे चिटणीस, खजिनदार, गावोगावचे वर्गशिक्षक, हे काही राक्षस नव्हते. बहुधा तुमच्या-माझ्यासारखेच, पोस्टातले, शाळेतले, कचेरीतले लोक असतील. संध्याकाळी घरी येऊन शब्दकोशाची मुद्रिते तपासणारे. त्यांना बायकामुले होती. विरोध केला तर तुरुंग होता. आणि त्यांच्या मनात जो विचार आला असेल, तो मला चांगला ओळखता येतो : 'हे वादळ आहे; जाईल. तोवर दिवा विझू देता कामा नये. वात लहान करू, आडोसा धरू, पण ज्योत राखू. संस्था राहिली तर सारे पुन्हा उभारता येईल. संस्थाच गेली तर काय?'

हा विचार क्षुद्र नाही. आपल्याकडे त्याला आपद्धर्म असे मोठे नाव आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे एक सबंध उपपर्व आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्रासारखा ऋषी चांडाळाच्या घरातले कुत्र्याचे मांस खाण्यास तयार होतो, आणि महाभारतकार त्याला दोष देत नाहीत. प्राण राहिले तर धर्माचरण करता येईल, असे तो म्हणतो. जर्मन संघाने याहून वेगळे काय म्हटले?

कोणी म्हणेल, वेगळे हे की त्यांचा डाव फसला. जुळवून घेऊनही संघ बुडाला, म्हणून ती चूक. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. तडजोड फसली म्हणून जर ती चूक ठरत असेल, तर जी तडजोड यशस्वी होते ती बरोबर ठरेल. आणि येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारण आमची तडजोड यशस्वी झाली होती.

१९८४ साली मी आमच्या गावच्या वाचनालयाचा चिटणीस होतो. वाचनालय जुने, इमारत त्याहून जुनी. पावसाळ्यात कपाटांवर ताडपत्री घालावी लागे. पण त्याची एक गोष्ट अभिमानाची होती : खालच्या खोलीतला मुक्तद्वार विभाग. कोणीही यावे, वर्गणी नको, ओळख नको. वर्तमानपत्रे, मासिके, मुलांची पुस्तके तेथे बसून वाचावीत. संस्थापकांनी घटनेच्या पहिल्याच कलमात तसे लिहून ठेवले होते. एसटी स्टँडच्या मागे एक वस्ती होती. तेथली सात-आठ मुले संध्याकाळी नेमाने येत. त्यांत एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. आल्याबरोबर अंगणातल्या नळावर हात धुवायची, ते परकराला पुसायची, आणि मगच 'किशोर'चा अंक हातात घ्यायची. हे तिला कोणी शिकवले होते, कोण जाणे. आम्ही नव्हते शिकवले.

त्या वर्षी गावातल्या एका धनिक गृहस्थांनी नव्या इमारतीसाठी मोठी देणगी देऊ केली. कार्यकारी मंडळात आनंदीआनंद झाला. गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हते. एकदा वाचनालय पाहावयास आले, खालच्या खोलीत डोकावले आणि बाहेर येऊन मला एवढेच म्हणाले, "चिटणीससाहेब, वाचनालयात वाचक यावेत, असं आपलं मला वाटतं." लेखी अट काही नव्हती. सगळ्यांना कळले मात्र सगळे.

ठरावाचा मसुदा मीच केला. 'शिस्त व पुस्तकांची सुरक्षितता यांच्या दृष्टीने मुक्तद्वार विभागातील प्रत्येक वाचकाने रुपये २५ अनामत ठेवावी. सदर रक्कम परत मिळण्यास पात्र राहील.' किती निर्मळ वाक्य! त्यात कोणाचे नाव नाही, कोणाची वस्ती नाही, कोणाची जात नाही. सर्वांना सारखा नियम. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या बैठकीत त्या वस्तीतला कोणी नव्हता, हे सांगावयास नकोच.

दुसऱ्या आठवड्यात ती मुलगी नेहमीप्रमाणे हात धुऊन दाराशी आली. शिपायाने तिला अडवले. मी बाहेर आलो. ती म्हणाली, "काका, अनामत म्हंजे काय?" मी समजावून सांगितले, की ते पैसे आपले आपल्याला परत मिळतात. तिने विचारले, "कधी?" मी म्हणालो, "वाचनालय सोडशील तेव्हा."

ती थोडा वेळ विचार करीत उभी राहिली आणि म्हणाली, "पण आम्ही सोडणार नाय ना."

ती पुन्हा आली नाही. तिच्याबरोबरची मुलेही आली नाहीत. दीड वर्षाने नवी इमारत उभी राहिली. दोन मजले, खाली फरशी, वर सभागृह. आज ती गावाचे भूषण आहे. ताडपत्री गेली, वाळवी गेली, पुस्तके वाचली. मी तुम्हाला विचारतो : फसली का आमची तडजोड? मुळीच नाही. पैनपै वसूल झाली. आणि तरीही चाळीस वर्षे झाली, दाराशी कोणी मूल ओले हात पुसताना दिसले की माझी नजर खाली जाते. तेव्हा तडजोडीचे बरेवाईट तिच्या यशापयशावर ठरत नाही. कशावर ठरते?

या प्रश्नाचे उत्तर मला पुन्हा झामेनहॉफ यांच्याच चरित्रात सापडले. कारण तडजोड त्यांनीही केली होती. १९०५ साली फ्रान्समध्ये बूलोन्य येथे पहिले जागतिक अधिवेशन भरले. वीस देशांतले ६८८ लोक आले होते. अधिवेशनासाठी झामेनहॉफ यांनी एक प्रार्थना-काव्य लिहिले होते. त्याच्या शेवटच्या कडव्यात ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान यांना एका पंक्तीत बसवले होते. फ्रान्समधल्या पुढाऱ्यांना ते मानवेना. त्या काळी फ्रान्समध्ये ज्यूद्वेष धुमसत होता. ही भाषा म्हणजे एका ज्यूचे गूढ पंथकार्य आहे असा बोभाटा झाला तर सारेच बुडेल, असे त्यांना भय वाटले. त्यांनी आग्रह केला. झामेनहॉफ यांनी व्यासपीठावर उभे राहून प्रार्थना म्हटली, पण ते शेवटचे कडवे गाळले. त्यांना किती लागले असेल! त्या कडव्यासाठीच तर बाकीची सारी खटपट होती. पुढे १९१२ साली क्राकोच्या अधिवेशनात त्यांनी चळवळीतले आपले मानाचे स्थानही सोडले. आता मी तुमच्यातलाच एक, असे म्हणून ते खाली येऊन बसले.

म्हणजे गाळणे दोन्हीकडे आहे. १९०५ साली एक कडवे गाळले, तीस वर्षांनी माणसे गाळली. पण या दोन गाळण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असे माझे मन मला सांगते. आणि तो फरक मला असा दिसतो. झामेनहॉफ यांनी जे सोडले ते त्यांचे स्वतःचे होते : भाषेवरचा हक्क, पुस्तकावरचे नाव, काळजातले कडवे, पहिल्या रांगेतली खुर्ची. तडजोडीची किंमत त्यांनी आपल्या खिशातून भरली. जर्मन संघाने जे सोडले ते दुसऱ्याचे होते. बैठकीत जे बसले होते त्यांचे सभासदत्व कायम राहिले. जे गेले ते गैरहजर होते. किंमत ठरवणारे एक आणि मोजणारे दुसरे. विश्वामित्राचेही तेच. त्याने निषिद्ध मांस खाण्याचे ठरवले ते आपल्या तोंडाने, आणि पाप घ्यावयाचे ठरवले ते आपल्या माथी. शेजाऱ्याला दुष्काळात ढकलून त्याने आपले तप राखले असते, तर त्याला आपद्धर्म म्हणावयास कोणी धजले असते काय?

माझ्या ठरावाने माझे काय गेले होते? शाईचे दोन थेंब.

एक आक्षेप मला मान्य केला पाहिजे. संस्था म्हटली की कोणाचे तरी काही तरी जायचेच. वर्गणी वाढवली तर गरिबाला जड जाते. वेळ बदलली तर कोणाची गैरसोय होते. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या खिशाकडे पाहत बसलो तर संस्था चालणार कशी? हे खरे आहे. म्हणून मी दोन प्रश्न वेगळे करून पाहतो. पहिला : ज्याला किंमत मोजावी लागणार, त्याला विचारले होते का? तो सभेत होता का, त्याचे मत पडले का? आणि दुसरा : ज्याला आपण दाराबाहेर ठेवतो, तो संस्थेचा एक ग्राहक आहे, की तो आत यावा एवढ्याचसाठी ती संस्था निघाली होती? पहिल्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर येणे हा अन्याय. पण दुसऱ्याचे उत्तर 'त्याच्याचसाठी' असे आले, तर मग वाचवावयाचे काही शिल्लकच राहत नाही. समिदेआनोला नावनिशीवार काढून टाकल्यावर त्या संघाजवळ उरले काय? व्याकरणाचे १६ नियम. नियम तर पुस्तकातही राहिले असते. मुक्तद्वार विभागाला अनामत लावल्यावर आमच्याकडे उरले ते दार. मुक्त हा शब्द नव्या इमारतीच्या पाटीवर आम्ही सुबक अक्षरात रंगवून घेतला एवढेच.

आणि तटस्थतेविषयीही मला येथेच थोडे बोलावेसे वाटते, कारण आपण मध्यमवर्गीय लोक तिचे फार चाहते असतो. 'आम्ही कोणाच्या बाजूचे नाही' हे वाक्य शांततेच्या दिवसांत शोभते. बूलोन्यलाच असे ठरले होते की, एस्पेरांतोचे काम म्हणजे केवळ भाषेचा प्रसार. बाकी ज्याचा विचार ज्याच्यापाशी. त्यामुळे चळवळीत सर्वांना जागा झाली, हा तिचा गुण. पण एखाद्याला फरफटत दाराबाहेर नेत असताना 'आम्ही तटस्थ' म्हणून आपण दार लावून घेतले, तर ती बाजूच घेतली गेली. माझ्या त्या निर्मळ वाक्यात कोणाचेच नाव नव्हते. आज मला वाटते, नाव असते तर बरे झाले असते. मग बैठकीत निदान एकाने तरी मान वर केली असती.

झामेनहॉफ यांना तीन मुले होती. थोरला आदाम, वडिलांसारखाच डोळ्यांचा डॉक्टर; त्याला १९४० साली वॉर्साजवळ गोळी घालण्यात आली. सोफिया आणि लिडिया या दोघी मुलींचा १९४२ साली त्रेब्लिंकाच्या छावणीत अंत झाला. लिडिया देशोदेशी हिंडून एस्पेरांतो शिकवीत असे. १९३७ साली अमेरिकेत गेली होती, तेथे राहण्याची मुदत वाढवून मिळाली नाही म्हणून १९३८ च्या अखेरीस परत आली. वॉर्साच्या कोंडवाड्यात असताना पोलिश एस्पेरांतो-प्रेमींनी तिला लपवून ठेवण्याची तयारी दाखवली होती. हे लोक ज्यू नव्हते. पकडले गेले असते तर सहकुटुंब मारले गेले असते. त्यांच्यापाशी कोणताही संघ नव्हता, घटना नव्हती, ठराव नव्हता. आणि लिडियाने काय केले? ती नाही म्हणाली. माझ्यापायी तुम्ही आणि तुमची मुलेबाळे मराल, असे तिने त्यांना सांगितले.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. एकाने स्वतःचे सारे पणाला लावून दार उघडले. दुसरीने त्याला किंमत पडू नये म्हणून त्या दारातून आत पाऊल ठेवले नाही. समिदेआनो या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

या उन्हाळ्यात नात सुटीला आली तेव्हा मी तिला हे सारे सांगितले. वाचनालयाचेही सांगितले, ते सांगताना थोडे जड गेले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण आजोबा, त्या संघानं करायला काय हवं होतं? सगळ्यांनी तुरुंगात जायचं?"

नाही. हौतात्म्य ही दुसऱ्याकडून मागावयाची गोष्ट नव्हे, आणि आरामखुर्चीतून तर नव्हेच. मी तिला म्हणालो, "ज्या दिवशी कळलं की आता सगळ्यांना आत घेता येणार नाही, त्या दिवशी त्यांनी आपल्या हातानं कुलूप लावायला हवं होतं. 'हे दार सगळ्यांसाठी होतं. ते सगळ्यांसाठी राहत नाही, म्हणून बंद करतो,' एवढंच सांगून घरी जायचं. तीन वर्षांनी सरकारनं कुलूप लावलंच ना? मग ते स्वच्छ हातांनी लागलं असतं." संघ १९४७ साली पुन्हा निघाला, आजही जर्मनीत तो काम करतो. म्हणजे विझलेला दिवा पुन्हा लावता येतो. मधल्या वर्षांत आपण काय केले, हे मात्र पुसता येत नाही.

युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी पोचला, तेव्हा इंद्र त्याला म्हणाला, रथात बस, पण त्या कुत्र्याला सोड. ही कथा लहानपणापासून आपण ऐकतो आणि युधिष्ठिराच्या भूतदयेचे कौतुक करतो. मला आता तिच्यातली पुढची ओळ अधिक महत्त्वाची वाटते : तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्म होता. आत जाण्यासाठी ज्याला बाहेर ठेवावे लागते, ते पुष्कळदा ओझे नसते; ज्याच्यासाठी आपण निघालो होतो तेच असते.

नातीने आणखी एक प्रश्न विचारला. "आणि तुमच्या वाचनालयात ती अनामत अजून आहे?"

आहे. पंचविसाचे आता पाचशे झाले आहेत. मी पदावरून उतरून पुष्कळ वर्षे झाली, पण आजीव सभासद आहे. सभेपुढे ठराव मांडण्याचा मला हक्क आहे. त्या रात्री मी चष्मा लावून बसलो आणि दोन ओळींची सूचना लिहिली : मुक्तद्वार विभागाची अनामत रद्द करण्यात यावी. खाली सही केली. अनुमोदक मिळावयास तीन आठवडे लागले. एक निवृत्त शिक्षिका तयार झाल्या. सभा दिवाळीनंतर आहे. ठराव मंजूर होईल की पुढच्या बैठकीवर ढकलला जाईल, हे मी सांगू शकत नाही. मंजूर झाला तरी ती मुलगी काही परत यावयाची नाही. ती आज पन्नाशीला आली असेल. कदाचित तिची नातवंडे माझ्या नातीसारखीच मोबाईलवर काही शिकत असतील, आणि त्यांना आमच्या दाराची गरजही उरली नसेल.

तरी ठराव मांडणार आहे. अंगणातला तो जुना नळ अजून तेथेच आहे. यंदा त्याची गळती तेवढी मी दुरुस्त करून घेतली आहे.